घरगुती स्वयंचलित फाटक : निवड, बलमर्यादा आणि देखभाल
(धामणकर नाका, भिवंडी परिसराच्या संदर्भात)

बीजशब्द : स्वयंचलित फाटक, बलमर्यादा, घर्षण, फोटोसेल, बालसुरक्षा, यंत्रमागाची पिंज

प्रस्तावना :

धामणकर नाका हा भिवंडी शहरातील संमिश्र वस्तीचा परिसर होय. पद्मानगर आणि कामतघर लगतच आहेत. यंत्रमागांचे गाळे, दुकाने, महाविद्यालय आणि जुनी बैठी घरे पाडून त्या जागी उभे राहिलेले दोन-तीन मजली बंगले येथे एकमेकांना खेटून आहेत. गल्ल्या अरुंद असून रहदारी अखंड असते. मोटार रस्त्यात थांबवून खाली उतरावे, फाटक उघडावे, पुन्हा गाडीत बसून ती आत घ्यावी, एवढ्या अवधीत मागे टेम्पो आणि रिक्षांची रांग लागते व भोंग्यांचा गजर सुरू होतो. त्यामुळे बटण दाबताच उघडणारे फाटक ही येथे केवळ चैन राहिलेली नाही. गेल्या काही वर्षांत या परिसरातील अनेक घरमालकांनी, त्यांत काही प्राध्यापक सहकाऱ्यांनीही, जुन्या लोखंडी फाटकाला मोटार जोडून घेतली आहे.

फाटकाला यंत्र जोडण्याचा हा उद्योग युरोपात रुजला तोही अशाच गरजेतून. इटलीतील बोलोन्या येथे १९६५ साली ज्युसेप्पे मानिनी या बांधकाम व्यावसायिकाने 'फाक' ही कंपनी स्थापन केली. फाटके आपोआप उघडणारी यंत्रणा बनविणारा कारखाना, अशा अर्थाच्या इटालियन शब्दांची आद्याक्षरे म्हणजे हे नाव. गाडीतून न उतरता घरात जाता यावे एवढीच त्यामागची मागणी होती.

आपल्याकडे या विषयावर बोलणे होते ते बहुधा मोटारीविषयी. मोटार किती किलोची, कोणत्या देशाची, भ्रमणध्वनीवरून चालते का, हे प्रश्न दुकानात विचारले जातात. फाटक स्वतः कसे चालते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, घरगुती स्वयंचलित फाटकाच्या बाबतीत निवडीचा आणि देखभालीचा मुख्य विषय मोटार नसून फाटक होय. जड चालणारे फाटक हे धोकादायक फाटक असते, आणि मोटारीची ताकद वाढविल्याने ते सुधारत नाही, अधिक धोकादायक होते. हे विधान स्पष्ट करण्यासाठी प्रथम एक घरचाच प्रसंग नमूद करणे आवश्यक वाटते.

एक प्रसंग :

प्रस्तुत लेखकाच्या घराचे फाटक सरकते, १२ फूट रुंद आणि ५ फूट उंच, संपूर्ण पत्रा मारलेले आहे. २०२२ च्या दिवाळीत त्याला मोटार बसविण्यात आली. काही महिने सर्व सुरळीत होते. पुढे एक तक्रार सुरू झाली, ती अशी की फाटक मधेच थांबे आणि मागे फिरे. बसविणारा कारागीर आला. खांबावरच्या फोटोसेलवर शेजारच्या मागांची पिंज साचते आणि प्रकाशकिरण अडला की फाटक थांबते, हे त्याने अचूक ओळखले. काच पुसून दिली. परंतु आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच झाले. तिसऱ्या खेपेस त्याने फोटोसेलच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या. किरण कधीच अडलेला नाही, असे यंत्राला कायमचे भासू लागले. तक्रार बंद झाली. पावसाळ्यात रुळात चिखल साचून फाटक अडखळू लागले, तेव्हा त्याने कार्डावरील बलनियंत्रणाचा खुंटा शेवटपर्यंत फिरविला. फाटक पुन्हा चालू लागले. घरच्यांनी समाधान मानले. त्यांत प्रस्तुत लेखकही होता, आणि तो पदार्थविज्ञान शिकवितो.

त्यानंतर एका संध्याकाळी चार वर्षांची भाची तिचाकी सायकल घेऊन फाटक आणि खांब यांच्या मधल्या जागेत उभी होती. आतून कोणी तरी बटण दाबले. फाटक आले, सायकलला टेकले आणि थांबले नाही. शेजारच्या काकूंनी मुलीला दंडाला धरून ओढून घेतले. सायकलचे हँडल वाकले, पुढचे चाक चेपले, त्यानंतरच मोटार थांबली. मुलीला खरचटलेही नाही.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून ताणकाटा आणला. मोटार मोकळी करून फाटक हाताने ओढले, तेव्हा काट्यावर २७ किलो भरले. रूळ खरवडून धुतला, चाकांची खराब बेअरिंग बदलली आणि पुन्हा मोजले. तेव्हा चार किलोच्या किंचित वर भरले. नंतर स्प्रिंगचा, माणसे तोलण्याचा काटा खांबाला उभा टेकवून आणि मुख्य स्विचजवळ माणूस ठेवून, मोटार चालू करून फाटक त्यावर येऊ दिले. काटा पन्नासच्या जवळ गेला. ही मोजणी ढोबळ आहे, हे मान्य केले पाहिजे. आघाताच्या पहिल्या क्षणीचे बल अशा काट्याने कळत नाही. परंतु स्थिर दाब केवढा आहे, याची कल्पना येण्यास ती पुरेशी ठरली.

बलाचा हिशेब :

१२ फूट बाय ५ फूट फाटकाचे वजन घरबसल्या काढता येते. क्षेत्रफळ सुमारे ५.६ चौरस मीटर. १६ गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला साधारण साडेबारा किलो भरतो. म्हणजे पत्र्याचे ७० किलो झाले. ५० मिलिमीटर चौरस आणि ३ मिलिमीटर जाडीच्या नळीची चौकट व तीन उभ्या मिळून १५ मीटर लांबी होते, तिचे सुमारे ६५ किलो. एकूण १३५ किलो. चाके आणि रूळ स्वच्छ असतील, तर एवढे फाटक सपाटीवर ढकलण्यास वजनाच्या तीन शतांश बल लागते, म्हणजे चार किलो. वर दिलेला मोजणीचा आकडा याच हिशेबाशी जुळतो. २७ किलो हा आकडा फाटकाच्या वजनाचा नसून चिखलाचा आणि गंजाचा होता.

आता मोटारीचा विचार करू. मोटार जे बल देऊ शकते, त्यातले काही घर्षणात खर्ची पडते आणि उरलेले समोर येणाऱ्या वस्तूवर पडते. मोटारीने आडकाठी ओळखून थांबावे, यासाठी नियंत्रण कार्डात एक मर्यादा ठरविलेली असते. त्या मर्यादेपलीकडे बल किंवा विद्युतप्रवाह गेला, की यंत्र 'कोणी तरी मधे आले' असे समजून थांबते व मागे फिरते. हलक्या फाटकाला चार किलो लागत असतील, तर मर्यादा दहा-बारा किलोंवर ठेवता येते. २७ किलो लागणाऱ्या फाटकासाठी मर्यादा चाळीसच्या पुढे न्यावी लागते, एरवी ते चिखललाच माणूस समजून थांबत राहील. म्हणजेच जड फाटकाच्या बाबतीत यंत्राला चिखल आणि मूल यांतला भेद कळेनासा होतो. आणखी एक गोष्ट सहज निसटते. रूळ धुतला, बेअरिंग बदलले आणि मर्यादा मात्र जुनीच राहिली, तर पूर्वी घर्षणात जाणारे सगळे बल आता समोरच्या वस्तूवर पडते. दुरुस्तीनंतर फाटक अधिक घातक झाले, असा विचित्र प्रकार त्यामुळे घडतो. म्हणून प्रत्येक साफसफाईनंतर मर्यादा पुन्हा खाली आणणे आवश्यक ठरते. काही नव्या कार्डांत यंत्र स्वतःच एक फेरी मारून लागणारे बल 'शिकून' घेते. ही शिकवणी फाटक घाण असताना दिली, तर ते घाणच शिकते.

ही मर्यादा किती असावी, याचे उत्तर युरोपात 'ईएन १२४५३' या मानकाने दिलेले आहे. फाटकाची कड आणि खांब यांत अर्ध्या मीटरहून कमी अंतर राहिले असता आघाताचे बल ४०० न्यूटनहून, म्हणजे सुमारे ४० किलोंहून अधिक असू नये. पाऊण सेकंदात ते १५० न्यूटनच्या, म्हणजे १५ किलोंच्या आत यावे. आणि पाच सेकंदांत दाब जवळजवळ नाहीसा व्हावा, असे त्याचे स्वरूप आहे. आमच्या फाटकाचा स्थिर दाब पन्नासच्या घरात होता. फाटक विकत घेताना 'हे यंत्र या मानकाप्रमाणे आहे का' एवढेच विचारून भागत नाही, कारण मानक यंत्राला नव्हे, तर बसविलेल्या संपूर्ण फाटकाला लागू पडते. ब्रिटनमध्ये हा धडा फार महाग पडला. २०१० च्या जूनअखेरीस मँचेस्टर येथे आणि एका आठवड्याच्या आत वेल्समधील ब्रिजेंड येथे विजेवर चालणाऱ्या फाटकांत चिरडून अनुक्रमे सहा आणि पाच वर्षांच्या दोन मुली मृत्यू पावल्या. त्यानंतर तेथील आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने अशा फाटकांसंबंधी सूचना प्रसृत केल्या.

धोका केवळ मोटारीत असतो असेही नाही. जुलै २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील बोपखेल येथे मुले खेळत असताना सरकते लोखंडी फाटक अंगावर कोसळून साडेतीन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. ते फाटक हाताने सरकविण्याचे होते. सरकत्या फाटकाचा सारा तोल खालच्या रुळावर आणि वरच्या मार्गदर्शक रोलरांवर असतो. रोलर निसटला किंवा फाटकाला शेवटी अडविणारा ठोकळाच नसला, तर शे-दीडशे किलोंची भिंत आडवी होते. अशा फाटकाला मोटार जोडली, की तीच भिंत रोज दहा-वीस वेळा हालते. म्हणून मोटारीचा विचार करण्यापूर्वी दोन्ही टोकांना जमिनीत पक्के रोवलेले ठोकळे आहेत का आणि वरचे रोलर जागेवर आहेत का, हे पाहणे अनिवार्य होय. रोलर तुटला तरी फाटक पडू नये, म्हणून खांबाला एक जादा कमान बसविता येते. वेल्डिंग करणाऱ्यास ते अर्ध्या दिवसाचे काम आहे.

सरकते फाटक की पाखांचे? :

या प्रश्नाचा निर्णय आवडीवर नव्हे, जागेवर अवलंबून असतो. दोन पाखांचे फाटक आत उघडण्यास अंगण लागते. ते बाहेर, रस्त्यावर उघडणे विकास नियंत्रण नियमांत बसत नाही आणि अरुंद गल्लीत ते शहाणपणाचेही नाही. आत अंगणाला चढ असेल, तर पाखे जमिनीला घासतात. धामणकर नाका परिसरात याच्या उलट स्थिती बहुधा आढळते. रस्त्यांचे थरावर थर चढून रस्ता उंच झाला आणि घरे खाली राहिली. त्यामुळे फाटकाखाली फट मोठी राहते, पावसाचे पाणी रस्त्यावरून आत येते आणि उंबऱ्याशीच साचते. सरकत्या फाटकाचा रूळ नेमका त्या जागी असतो. रुळाच्या दोन्ही अंगांना पाणी निघून जाईल अशी पन्हळ ठेवल्याशिवाय येथे सरकते फाटक बसवू नये. शक्य असेल तेथे, मागे पुरेशी लांबी असेल तर, रुळाशिवाय अधांतरी सरकणारे फाटक अधिक चांगले; त्याची चाके आतल्या बाजूच्या चबुतऱ्यावर असतात आणि वाटेत चिखल धरणारे काही उरत नाही. त्यासाठी उघडझापेच्या रुंदीच्या साधारण दीडपट लांबीचे फाटक लागते. आमच्या वस्तीत एवढी भिंत फार थोड्यांकडे आहे.

पत्रा मारण्याची आपली हौस हाही एक स्वतंत्र विषय आहे. रस्त्यालगतच्या घराला आडोसा हवा, घरातल्या बायकामाणसांना अंगणात मोकळेपणाने वावरता यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु पत्रा म्हणजे शीड. वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात दिलेले आहे : वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंद या एककात घेऊन त्याचा वर्ग करावा व ०.६ ने गुणावे, म्हणजे दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याला हा दाब २४० न्यूटन येतो. सहा फूट रुंद व पाच फूट उंच अशा एका पाखावर सुमारे ६७० न्यूटन बल पडते, आणि ते बिजागरीपासून तीन फुटांवर पडते. मोटारीचा दांडा मात्र बिजागरीपासून वीसेक सेंटिमीटरवर जोडलेला असतो. त्यामुळे तरफेच्या नियमाने दांड्यावर तीन हजार न्यूटनहून अधिक, म्हणजे तीनशे किलोंचा ताण येतो. घरगुती यंत्रे एवढा ताण फार काळ सोसत नाहीत. मग पुन्हा अधिक ताकदीची मोटार, पुन्हा वाढविलेली मर्यादा, हे चक्र सुरू होते. पाखांचे फाटक करायचे असेल, तर निदान वरचा अर्धा भाग जाळीचा ठेवावा. सरकत्या फाटकाला वारा आडवा लागतो. तो मोटारीला विरोध करीत नाही, रोलरांवर ताण देतो. पत्र्याचा आग्रह असणाऱ्याने म्हणूनच सरकत्याचा विचार प्रथम करावा.

जाळीच्या किंवा गजांच्या सरकत्या फाटकात निराळी काळजी घ्यावी लागते. गजांतून हात बाहेर काढून उभे राहणे ही मुलांची सवय आहे. फाटक सरकू लागले, की गज आणि खांब यांची कात्री होते. खालचा चार-साडेचार फुटांचा भाग बारीक जाळीने झाकल्यास हा धोका टळतो. पाखांच्या फाटकात अशीच कात्री बिजागरीच्या फटीत असते.

येथे जुन्या वाड्यांच्या रचनेचे स्मरण होते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या उजव्या पाखात माणसापुरती लहान दिंडी आहे. हत्तीसाठी केलेला दरवाजा माणसासाठी उघडायचा नाही, ही त्यामागची दृष्टी होती. तेथे हेतू संरक्षणाचा होता. आपल्याला ती दुसऱ्या कारणासाठी उपयोगी पडते. दूधवाला, शाळेची मुले, कामवाल्या बाई यांनी मोठ्या फाटकातून ये-जा केली नाही, तर माणूस आणि हालते फाटक यांची गाठच पडत नाही. कुंपणभिंतीत अडीच-तीन फुटांची वेगळी दिंडी ठेवता आली तर उत्तम. ती चालत्या फाटकाच्या अंगातच केली, तर मात्र दिंडी उघडी असताना मोटार चालू होणार नाही असा स्विच तिला हवा.

वीज, मोटार आणि किल्ली :

भिवंडीकरांना भारनियमनाचे दिवस आठवत असतील. जानेवारी २००७ मध्ये शहराचे वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने सोपविण्यात आले, तेव्हा देशातील तो पहिलाच प्रयोग होता. त्या दिवसांत स्वयंचलित फाटकाची कल्पनाही कोणी केली नसती. आज परिस्थिती निराळी असली, तरी वादळात फांदी तारेवर पडते, पाणी भरले की सुरक्षिततेसाठी पुरवठा थांबवावा लागतो. नेमक्या अशाच वेळी घरातून बाहेर पडण्याची किंवा रुग्णाला नेण्याची निकड उद्भवते.

२३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोटारी स्वस्त आणि दणकट असतात. परंतु वीज गेली की त्या थांबतात आणि बलमर्यादा बारकाईने ठरविणे त्यांत अवघड जाते. २४ व्होल्टच्या दिष्ट प्रवाहाच्या मोटारीत प्रवाह मोजून आडकाठी चटकन ओळखता येते, शेवटच्या टप्प्यात वेग कमी करता येतो आणि बॅटरीवर काम चालते. हिशेब करून पाहा : २४ व्होल्ट आणि ५ अँपिअरने उघडण्यास २० सेकंद व मिटण्यास २० सेकंद, म्हणजे एका फेरीस सव्वा वॅट-तासाच्या आसपास ऊर्जा लागते. ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांत १६८ वॅट-तास असतात. बॅटरी जुनी होऊन निम्मी उरली, तरी दिवसभराचे काम निघते. घरगुती वापराला म्हणून दिष्ट प्रवाहाची मोटार घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वीजबिलाची धास्ती व्यर्थ आहे. दिवसाला दहा फेऱ्या केल्या तरी वर्षाला पाच युनिटेही लागत नाहीत. उलट नुसते जागे राहण्यासाठी कार्ड सहा वॅट घेत असेल, तर तेच वर्षाला ५२ युनिटे होतात.

बॅटरी असो वा नसो, मोटार मोकळी करून फाटक हाताने उघडण्याची किल्ली प्रत्येक यंत्रासोबत येते. ती बहुधा हमीपत्राबरोबर कपाटात जाते. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने, विशेषतः दुपारी घरी एकट्या असणाऱ्या वृद्धांनी, ती वापरून फाटक एकदा तरी उघडून पाहिले पाहिजे. फाटक हलके असेल तरच ते त्यांना उघडेल. मुद्दा पुन्हा तेथेच येतो. घराला दुसरे दारच नसेल, तर बाहेरूनही मोकळे करता येईल अशी सोय बसवितानाच मागून घ्यावी. उतारावरचे सरकते फाटक मोकळे करताच स्वतःहून पळते, हेही लक्षात ठेवावे.

मोटार आणि नियंत्रणपेटी यांवरील 'आयपी' या अक्षरांपुढील दोन आकड्यांपैकी पहिला धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो. ५४ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी आणि शिंतोड्यांपासून बचाव. ६७ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याची झळ भिवंडीलाही बसली. तीनबत्ती, ईदगाह मार्ग, म्हाडा वसाहत या सखल भागांत आजही मुसळधार पावसात पाणी शिरते. अशा ठिकाणी जमिनीखाली पुरण्याच्या मोटारी, त्या कितीही देखण्या असल्या तरी, टाळाव्यात. पेटी भिंतीवर, पाणी पोहोचणार नाही अशा उंचीला लावावी. ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच आणि स्वतंत्र अर्थिंग यांत काटकसर करू नये, कारण ओल्या लोखंडाला सगळ्यांचे हात लागतात.

रिमोटबाबत एवढेच की, दर वेळी संकेत बदलणारा रिमोट घ्यावा. स्थिर संकेताच्या रिमोटची प्रत किल्ल्या बनविणाऱ्याच्या दुकानात काही मिनिटांत होते.

पिंज, पाणी आणि मुंग्या :

भिवंडीच्या हवेत मागांची पिंज आहे. डिसेंबर २०१८ मध्ये भूमिपूजन झालेल्या ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो मार्गाच्या कामाने धामणकर नाक्यावर धुळीचीही भर घातली. परदेशी माहितीपुस्तिकेत पिंजेचा उल्लेख सापडत नाही. तेथे वाळलेली पाने आणि बर्फ असतो. पिंज फोटोसेलच्या काचेवर बसते आणि पहाटेच्या दवाने तिचा थर होतो. येथे एक तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. काच घाण झाली की फाटक मिटत नाही, उघडे राहते. हा दोष नव्हे. चूक झालीच तर ती माणसाच्या बाजूने व्हावी, अशी ती योजना आहे. आमच्या कारागिराने तारा जोडून नेमकी तीच योजना मोडली, आणि आम्ही ती मोडू दिली. खरा उपाय अगदी साधा होता : फोटोसेलवर दोन-तीन इंचांची नळीसारखी टोपी बसवायची आणि काच आठवड्यातून एकदा सुक्या फडक्याने पुसायची. आमच्या गल्लीतले माग शुक्रवारी बंद असतात, म्हणून आम्ही शुक्रवार धरला आहे. मुलांचा विचार करता फोटोसेल गुडघ्याच्या जरा वर, दीड फुटाच्या आसपास हवा. मोटारीच्या सोयीसाठी तो कमरेएवढा लावलेला अनेक ठिकाणी दिसतो. आपोआप मिटण्याची सोय, लहान मुले असलेल्या घरात, बंदच ठेवलेली बरी.

पिंजेचा दुसरा खेळ वंगणाशी. दात्यांच्या पट्टीवर आणि रुळावर ग्रीस फासण्याची पद्धत सर्रास आहे. ग्रीसमध्ये पिंज आणि धूळ मिसळली, की नमद्यासारखा गोळा होतो आणि मोटारीचे दंतचक्र त्यावरून चढून जाते. पट्टी व रूळ कोरडे ठेवावेत, ब्रशने झाडावेत. ग्रीस फक्त बेअरिंगला आणि बिजागरीला. पट्टी आणि दंतचक्र यांत एक-दोन मिलिमीटरची मोकळीक असलीच पाहिजे. चाके झिजून फाटक खाली बसले, की ही मोकळीक जाते, फाटकाचे वजन मोटारीच्या दांड्यावर येते आणि आतील बेअरिंग फुटते. मोटार 'जळाली' म्हणून बदलली जाते, चाके तशीच राहतात.

पावसाच्या पहिल्या सरींबरोबर मुंग्या आणि पाली नियंत्रणपेटीत आसरा घेतात. कार्डावर पाल चिकटून मोटार बंद पडल्याची उदाहरणे या गल्लीतच दोन आहेत. तारा आत जाण्याच्या भोकांना रबरी ग्लँड लावून उरलेली फट बंद करणे, हा त्यावरचा उपाय.

देखभालीचा क्रम :

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे मेअखेरीस, एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा, अशी वर्षातून दोन वेळा सविस्तर तपासणी पुरते. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहतोच. त्याच दिवशी ताणकाटाही लावावा. मोटार मोकळी करून फाटक ओढावे आणि काट्यावरील आकडा तारखेसह वहीत लिहावा. हा एक आकडा सर्व काही सांगतो. चारचा सहा झाला तर रूळ झाडावा, आठच्या पुढे गेला तर चाके पाहावीत. बलनियंत्रणाच्या खुंट्याला त्यापूर्वी हात लावू नये. नंतर मोटार जोडून, वाटेत पुठ्ठ्याचा रिकामा खोका उभा करून फाटक मिटू द्यावे. खोका चेपण्यापूर्वी फाटक मागे फिरले पाहिजे. एकदा फोटोसेल चालू ठेवून आणि एकदा, किरणाच्या वाटेत येणार नाही अशा रीतीने खोका वर धरून, अशी दोन्ही प्रकारे चाचणी घ्यावी. दुसरी चाचणी घेताना स्वतः मधे न उभे राहता बाजूने धरावे. फाटकाच्या कडेला दाबली जाणारी रबरी सुरक्षापट्टी बसविली असेल, तर तिचीही तपासणी याच वेळी होते. बॅटऱ्या साधारण तीन वर्षांनी थकतात. मुख्य स्विच बंद करून पाच फेऱ्या होतात का, एवढे पाहिले की पुरे.

वार्षिक देखभालीचा करार करताना बहुतेक जण भेटींची संख्या विचारतात. करारात प्रत्येक भेटीनंतर ओढण्याचे बल आणि ठेवलेली बलमर्यादा लिहून द्यावी, तसेच कोणतेही सुरक्षा-उपकरण घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय निकामी करू नये, ही दोन कलमे घालून घ्यावीत. आम्ही दुसरा कारागीर नेमला तेव्हा पहिल्या कलमावर तो हसला, दुसऱ्यावर मात्र थोडा वेळ गप्प राहिला आणि नंतर म्हणाला, की लोकच तारा जोडायला सांगतात.

आमच्या वहीत आता सात नोंदी आहेत. शेवटची पाच किलोची आहे, पुढच्या खेपेस चाके उतरवावी लागतील. फोटोसेल दोन केले आहेत, रबरी पट्टी बसविली आहे. मोटार मोकळी करण्याची किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगलेली असते आणि सत्तरी ओलांडलेली आई ती लावून एका हाताने फाटक सरकविते.